नाव झाकून वाचलेल्या नोंदी

‘अक्षर वळणदार आहे. नीटनेटकं राहतं. सांगितलेलं काम वेळेवर पूर्ण करतं. स्वभाव शांत, मनमिळाऊ.’

‘हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष देत नाही. उत्तर द्यायची घाई करतं. खोडकर. नेतृत्वगुण चांगले.’

या दोन्ही नोंदी माझ्या हातच्या. 2013 च्या दिवाळीच्या सुट्टीआधी चौथीच्या नोंदवहीत लिहिलेल्या. मी लिहिलं होतं तेव्हा पहिलीत ‘राहते’ होतं आणि दुसरीत ‘करतो’ होतं. ती क्रियापदं ‘राहतं’, ‘करतं’ कशी झाली, तिथूनच सांगायला हवं.

सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्यात मी 29 वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर शिकवलं. 2009 चा शिक्षणहक्क कायदा आला आणि 2010 पासून आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. श्रेणीबरोबर प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायचं: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. आम्ही त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतो. प्रत्येक मूल वर्षातून दोनदा तरी शिक्षकाच्या नजरेखालून नीट जावं, ही त्यामागची चांगली कल्पना. पण तीसेक मुलं, प्रत्येकाचे सगळे विषय, आणि सत्र संपायला आठवडा उरलेला. हात ठरलेल्या वाक्यांवरून फिरायचा. तयार वाक्यांच्या याद्याही शाळाशाळांतून फिरत असत.

2013 च्या त्या वर्षी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत विषय होता या नोंदींचाच. केंद्रप्रमुख बाईंनी आम्हाला नोंदवह्या एकमेकांत बदलायला लावल्या. नावाच्या रकान्यावर पट्टी ठेवायची आणि नोंद मोठ्यानं वाचायची. एकच अट घातली. मराठीत क्रियापद बोललं की मुलगा की मुलगी ते फुटतं, म्हणून प्रत्येक वाक्य ‘ते मूल’ धरून वाचायचं. करतो नाही, करते नाही, करतं. ऐकणाऱ्यांनी हात वर करून सांगायचं, हे मूल मुलगा की मुलगी.

माझी वही शेजारच्या शाळेतल्या गुरुजींकडे होती. त्यांनी पहिली नोंद वाचली. ‘नीटनेटकं राहतं’ पाशी पोचेपर्यंत सगळे हात ‘मुलगी’ म्हणून वर गेले होते. दुसरी वाचली. ‘खोडकर’ शब्दाला सगळे ‘मुलगा’ म्हणाले. अशा दहा-बारा नोंदी झाल्या. एखाददुसरी सोडली तर कुणाचंच काही चुकलं नाही. सुरुवातीला खेळासारखं वाटणारं ते हळूहळू सगळ्यांना जड वाटू लागलं. बाई एवढंच म्हणाल्या, “मुलाला कधीही न पाहिलेला माणूस तुमची नोंद ऐकून मुलगा की मुलगी हे ओळखतो. मग त्या नोंदीत त्या मुलाचं असं काय राहिलं?”

घरी आल्यावर रात्री मी वही काढली, कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली आणि डाव्या बाजूला मुलींसाठी वापरलेले शब्द लिहिले, उजव्या बाजूला मुलांसाठी वापरलेले. डावीकडे: नीटनेटकी, आज्ञाधारक, मेहनती, अभ्यासू, समजूतदार, लाजाळू. उजवीकडे: हुशार, चौकस, धीट, खोडकर, चंचल, नेतृत्व करतो. डाव्या बाजूला ‘हुशार’ नव्हता असं नाही, पण तो आला तिथं ‘अभ्यासू व हुशार’ असा हात धरून आला होता. उजवीकडे ‘समजूतदार’ फक्त एका मुलासाठी होता, आणि तो मुलगा पायानं अधू होता.

याहून वाईट गोष्ट कागदावर नव्हती, डोक्यात होती. बोट वर न करता मध्येच उत्तर देणारा मुलगा मला उत्साही वाटायचा आणि तेच करणारी मुलगी पुढं पुढं करणारी. मधल्या सुट्टीत डाव लावून देणारा मुलगा म्हणजे नेतृत्वगुण. डाव लावून देणारी मुलगी म्हणजे दादागिरी. मुलगा उलट प्रश्न विचारतो तेव्हा चौकस, मुलगी विचारते तेव्हा आगाऊ. कृती एकच, शब्द दोन. मला वाटायचं, आपण आधी मूल पाहतो आणि मग त्याला शब्द देतो. त्या कागदावर दिसलं की शब्द आधीच ठरलेले होते आणि मूल नंतर त्यांच्यात बसवलं गेलं होतं.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचू लागले. कळलं की जगभर अभ्यासकांनी हीच नावं झाकण्याची युक्ती वापरली आहे, आणि ती अगदी तान्ह्या बाळांपासून.

1976 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत दोनशेहून अधिक माणसांना दाखवली. बाळासमोर एकेक वस्तू येते: अस्वल, बाहुली, कर्कश वाजणारी घंटी, आणि झाकण उघडताच आतून उसळून वर येणारा बाहुला. हा बाहुला पुन्हा पुन्हा उसळतो तसं बाळ अस्वस्थ होतं आणि रडतं. पाहणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं होतं, हा मुलगा आहे. काहींना सांगितलं, ही मुलगी आहे. बाळ एकच, चित्रफीत एकच, रडणंही एकच. ज्यांनी मुलगा म्हणून पाहिलं त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला. ज्यांनी मुलगी म्हणून पाहिलं त्यांना भीती दिसली.

हे लहानसं वाटतं, पण पुढचं पाऊल पाहा. बाळ चिडलंय असं वाटलं की आपण म्हणतो, “दे बघू त्याला एक चापट!” आणि त्याला परत त्या बाहुल्यासमोर बसवतो. बाळ घाबरलंय असं वाटलं की उचलून छातीशी घेतो. एकाला लढायला शिकवतो, दुसऱ्याला माघारी यायला. पुढं तीच मुलं धीट आणि भित्री निघाली की म्हणतो, “जन्मजातच आहे हो!”

त्याच्या दोन वर्षं आधी, 1974 मध्ये, अमेरिकेतच तीस नवजात बाळांच्या आईवडिलांना बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याचं वर्णन विचारलं गेलं. पंधरा मुलगे, पंधरा मुली. वजन, लांबी आणि जन्मवेळच्या तपासण्यांमध्ये फरक नव्हता. तरी मुलींच्या आईवडिलांना आपलं बाळ जास्त नाजूक, जास्त मऊ, छोट्या चणीचं वाटलं. मुलांच्या आईवडिलांना आपलं बाळ दणकट वाटलं. वडिलांच्या उत्तरांत हा फरक जास्त ठळक होता. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीबाहेर ‘पेढे की बर्फी?’ हा पहिला प्रश्न असतो. उत्तर मिळालं की पुढची वाक्यंही ठरलेली असतात. “अंगापिंडानं बापासारखा होणार!” आणि “किती नाजूक आहे गं!” दोन्ही बाळं अडीच-पावणेतीन किलोचीच.

रडण्याच्या आवाजाचंही तेच. 2016 साली फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी तीन महिन्यांच्या बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. त्या वयात मुलग्यांच्या आणि मुलींच्या रडण्याच्या पट्टीत फरक नसतो. पण ऐकणाऱ्या मोठ्यांनी वरच्या पट्टीतलं रडणं मुलीचं ठरवलं आणि खालच्या पट्टीतलं मुलाचं. इतकंच नाही, ‘हे मुलाचं रडणं आहे’ असं सांगितलं की ऐकणाऱ्या पुरुषांना तेच रडणं जास्त त्रासाचं वाटलं. मुलगा उगाच रडणार नाही, रडतोय म्हणजे खरंच काहीतरी झालं असणार, असा हा हिशेब असावा. मुलगी रडली तर त्यात विशेष काय?

मला इथं आपल्या भाषेचं नवल वाटतं. मराठीत बाळ रडतं, मूल रांगतं, लेकरू झोपतं. तान्ह्या जीवाला आपल्या व्याकरणानं तिसरं लिंग दिलं आहे. मुलगा की मुलगी हे न सांगता त्याच्याबद्दल मनसोक्त बोलता येतं. इंग्रजीत ही सोय इतकी सहज नाही. केंद्रप्रमुख बाईंनी त्या दिवशी हाच दरवाजा उघडून दिला. इतकी सोय हाताशी असून आपण ती बारशापर्यंतसुद्धा टिकवत नाही.

मूल रांगायला लागलं की त्याला काय जमतं याचा अंदाज घरचे बांधतात. न्यूयॉर्क विद्यापीठात 2000 साली यावर एक प्रयोग झाला. अकरा महिन्यांच्या बाळांसाठी एक उताराची फळी केली होती. तिचा उतार कमी-जास्त करता यायचा. प्रत्येक आईला आधी विचारलं, तुमचं बाळ किती तीव्र उतार सुखरूप उतरेल? मुलग्यांच्या आयांनी बाळाकडून जास्त अपेक्षा केली, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना सोडलं. मुलं आणि मुली सारख्याच उतरल्या. या सगळ्या आया लेकरांवर जीव टाकणाऱ्या होत्या, रोज त्यांना अंगाखांद्यावर घेणाऱ्या होत्या. तरी अंदाज चुकले.

आमच्या शाळेमागे एक जुना आंबा होता. त्याच्या दोन फांद्या अशा खाली वाकलेल्या की पहिलीचं मूलसुद्धा चढेल. मुलगा चढला की मी खालून म्हणायचे, “नीट धर रे!” मुलगी चढली की म्हणायचे, “पडशील गं, उतर आधी!” दोन्ही वाक्यं मायेचीच. पण एकात चढण्याची परवानगी आहे आणि दुसऱ्यात पडण्याची खात्री. असं एक वाक्य मूल दिवसातून किती वेळा ऐकत असेल? चौथीपर्यंत मुली त्या आंब्याखाली गजगे खेळत बसायच्या आणि मी नोंदवहीत लिहायचे, ‘बैठ्या खेळांची आवड.’

आता बुद्धीचं बघू. 2017 साली अमेरिकेतल्या लिन बियन, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांनी लहान मुलांना एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगितली. तो पुरुष की बाई हे सांगितलं नाही. चित्रं दाखवून विचारलं, यातलं कोण असेल? पाच वर्षांच्या मुलींनी बाईवर बोट ठेवलं, मुलांनी पुरुषावर. आपापल्या माणसावर. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र बाईला निवडणाऱ्या कमी झाल्या. परीक्षेत चांगले गुण कोणाला मिळतात असं विचारलं तर त्याच मुली मुलींकडे बोट करत होत्या. म्हणजे गुण मुलींना मिळतात हे त्यांना ठाऊक होतं, पण खूप हुशार असणं ही वेगळीच काही गोष्ट आहे आणि ती आपली नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. नंतर दोन खेळ ठेवले: एक ‘खूप हुशार मुलांसाठी’, दुसरा ‘खूप प्रयत्न करणाऱ्या मुलांसाठी’. पहिल्या खेळातला मुलींचा रस मुलांपेक्षा कमी झाला होता, दुसऱ्यात नव्हता.

पाच आणि सहाच्या मध्ये काय घडतं? आपल्याकडे त्या वयात मूल अंगणवाडी-बालवाडीतून पहिलीत येतं. म्हणजे आमच्या हाती येतं. माझ्या कागदावरचे ‘अभ्यासू’ आणि ‘हुशार’ हे दोन शब्द मला त्या रात्रीपेक्षा जास्त बोचले ते हा अभ्यास वाचल्यावर.

नोंदवहीच्या सुरुवातीची ती ‘वळणदार अक्षराची’ मुलगी खिडकीजवळ बसायची. तिला भागाकार तोंडी यायचा. फळ्यावर गणित लिहून माझा खडू खाली यायच्या आत तिच्या ओठांवर उत्तर असायचं, पण ती ते बोलायची नाही, बाजूच्या दोघींच्या पाटीवर हळूच दाखवायची. हे मी रोज पाहत होते. तरी ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात गणिताचा उल्लेखसुद्धा नव्हता, फक्त अक्षर होतं. चौथीनंतर ती मामाच्या गावी शिकायला गेली. माझी नोंद तिच्यासोबत गेली असेल, तर सोबत फक्त वळणदार अक्षर गेलं.

शिक्षकाच्या नजरेची किंमत मुलं पुढं किती वर्षं चुकवतात, हे इस्रायलमध्ये व्हिक्टर लॅव्ही आणि एडिथ सँड यांनी मोजलं आहे. त्यांनी मुलांचे दोन प्रकारचे गुण घेतले: नाव न कळता बाहेरच्यांनी तपासलेले, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ओळखणाऱ्या शिक्षकांनी दिलेले. ज्या शिक्षकांनी गणितात मुलग्यांना झुकतं माप दिलं, त्यांच्या वर्गातले मुलगे पुढच्या इयत्तांच्या राष्ट्रीय परीक्षांत पुढे गेले, मुली मागे पडल्या, आणि वरच्या पातळीचं गणित घेण्याच्या निर्णयावरही त्याचा परिणाम झाला. फ्रान्समध्ये अशाच अभ्यासात कल उलटा दिसला: तिथं शिक्षकांनी गणितात मुलींना झुकतं माप दिलं होतं आणि मुलींनी पुढं जास्त प्रगती केली. तराजू कुठल्याही बाजूला झुकू शकतो. ज्या बाजूला झुकतो तिकडे मुलं जातात, हे दोन्हीकडे सारखं.

आणि मुलग्यांचं काय? या सगळ्यात मुलींचंच नुकसान होतं असं मी बरीच वर्षं समजत होते. वर आलेल्या रडण्याच्या अभ्यासातही मुलग्याचं दुःख जास्त खरं मानलं गेलं, असंच दिसतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासातही तेच आढळलं: पाच वर्षांच्या मुलाच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतल्याची एकच चित्रफीत दाखवली, तर मुलग्याचं नाव सांगितलेल्यांना दुखणं जास्त वाटलं आणि मुलीचं नाव सांगितलेल्यांना कमी. पण हे अंगाच्या दुखण्याचं झालं. मनातलं दुखणं मुलग्याला दाखवायची मुभाच नसते आणि आम्हाला ते पाहायची सवय नसते.

त्याच वर्गात भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा होता. पहिलीपासून द्वाड. बाकावरून उड्या, वर्गाबाहेर पळणं, शाईचे डाग. चौथीच्या पावसाळ्यात त्याचे आजोबा वारले. शेळ्या घेऊन तो त्यांच्याबरोबर डोंगरात जायचा, झोपायचाही त्यांच्याजवळ. सुतक फिटल्यावर तो शाळेत आला तो शांत होऊन. पळणं थांबलं, दंगा थांबला. मी खूश झाले. ‘विशेष प्रगती’त लिहिलं: ‘वर्गात शांत बसतो. शिस्तीत चांगली सुधारणा.’ फेब्रुवारीत त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, त्यो रोज आज्याचं घोंगडं डोक्यावर घिऊन झोपतुया. जेवत न्हाई. शाळंत बोलतो का वो?” मला उत्तर देता येईना. चार महिने एक दहा वर्षांचं लेकरू माझ्यासमोर शोक करत बसलं होतं आणि मी त्याला शिस्तीची शाबासकी दिली होती. त्याच्या जागी मुलगी असती, तर दुसऱ्याच दिवशी जवळ घेऊन विचारलं असतं, “काय झालं गं बाळ?” दंगेखोर मुलगा शांत झाला की तो सुधारला, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तो दुःखात आहे ही शक्यता शिवलीच नाही.

“मुलीसारखा काय रडतोस?” हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मुलग्यानं ऐकलेलं असतं. त्या एका वाक्यात दोघांनाही मार बसतो. मुलग्याला सांगितलं जातं की रडू नको. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला कळतं की तिच्यासारखं असणं ही शिवी आहे. उलट बाजूनं पाहा: “आमची मुलगी नाही, मुलगाच आहे ती!” असं बाप कौतुकानं सांगतो. किती तरी घरांत मुलीला लाडानं “काय रे बाळा, जेवलास का?” असं विचारतात. प्रेमच असतं त्यात. पण “आमचा मुलगा अगदी मुलीसारखा वाढवलाय” असं कौतुक मी 29 वर्षांत एकदाही ऐकलं नाही. कौतुकाची शिडी एकाच दिशेनं चढते.

या शिडीची खालची पायरी आमच्या जिल्ह्यानं पाहिली आहे. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. आणि त्याच 2011 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला: ‘नकुशी’ नाव असलेल्या 285 मुलींना नवी नावं देण्याचा. मुलगी नको होती, म्हणून नकुशी. हजेरी घेताना ते नाव मीही उच्चारलं आहे. रोज सकाळी एक मूल स्वतःच्या नावाला ‘हजर’ म्हणतं, आणि त्या नावाचा अर्थ असतो, तू यायला नको होतीस. साचेबंद नजर म्हटलं की ते लोकांना पुस्तकी वाटतं; मला ती हजेरीपटावर शाईनं लिहिलेली दिसते. त्या 285 जणींची नावं बदलली हे फार चांगलं झालं. पण ‘नकुशी’ पासून ‘नीटनेटकी, आज्ञाधारक’ पर्यंतची वाट एकच आहे, हेही मान्य करायला हवं. दोन्हीकडे मूल दिसण्याआधी मुलगी दिसते.

इथं पालक मला नेहमी विचारतात, “पण बाई, मुलं आणि मुली वेगळी असतातच ना?” असतात काही बाबतींत. जॅनेट हाइड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2005 साली अशा फरकांवरचे तोवरचे मोठमोठे आढावे एकत्र तपासले. बहुतेक मानसिक गुणांमधला फरक अगदी थोडा किंवा जवळजवळ शून्य निघाला. आणि जो फरक असतो तो सरासरीचा. सरासरी वर्गात बसत नाही. बाकावर बसलेली असते ती एक मुलगी, एक मुलगा. आणि एका मुलीपासून दुसऱ्या मुलीपर्यंतचं अंतर बहुतेक वेळा या सरासरीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठं असतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. शब्द वाटून देण्याच्या या खोडीवर मराठीत बोट ठेवलं गेलं त्याला आता एक शतक कधीच उलटून गेलं आहे.

ही नजर बदलते का? बदलते. हरियाणात 314 सरकारी शाळांत एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्याशा शाळांत सातवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर अडीच वर्षं वर्गातच चर्चा घेतल्या: घरकाम कोणाचं, शिक्षण कोणाचं, निर्णय कोणाचे. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं ती सत्रं चालवली. ज्यांना चर्चा मिळाल्या, त्यांची मतं समानतेकडे सरकली आणि नंतरही टिकली; मुलग्यांच्या घरकामासारख्या वागण्यातही थोडा बदल दिसला. आपल्याकडे 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर बाबाही भाजी निवडताना दाखवले. त्या पानावर वर्गात फार बोलणं होतं, असं माझ्या मैत्रिणी सांगतात. “आमचे बाबा न्हाई करत,” “आमचे करतात” असा गलका होतो. गलका होऊ द्यावा. मुलं त्यातूनच शिकतात.

मी स्वतःसाठी एक नियम केला आणि निवृत्तीपर्यंत पाळला. नोंदीत विशेषण लिहायचं नाही. मुलानं काय केलं ते लिहायचं, तारखेसह. ‘हुशार’ नाही, ‘नीटनेटकी’ नाही. ‘तीन अंकी भागाकार तोंडी करते, उत्तर शेजारणींना दाखवते, वर्गात सांगत नाही.’ ‘जूनपासून डबा पूर्ण खात नाही. घरी विचारणे.’ लिहायला वेळ लागतो, कारण असं लिहायला आधी पाहावं लागतं. आणि लिहून झालं की पट्टी ठेवून, ‘ते मूल’ धरून एकदा वाचायचं. मुलगा की मुलगी हे ओळखू आलं, तर पुन्हा लिहायचं.

घरी नोंदवही नसते, पण शब्द असतात. आज रात्री आपल्या लेकराबद्दल मनात येतील ते पाच शब्द कागदावर लिहा. मग त्याच शब्दांत आपली लेक आणि भावाचा लेक यांची अदलाबदल करून वाचा. जिथं वाचताना अडखळाल, तिथं तो शब्द मुलाचा नाही, आपला आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीची नोंद मी अशी लिहिली: ‘हातपंपाचा दांडा वर केला की पाणी परत खाली का पळत नाही, हे तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडची बिनसुईची जुनी सिरिंज धुऊन आणली. पाणी ओढून तिच्या टोकाला बोट लावलं आणि म्हणाली, पंपाच्या आतपण असंच कुणाचंतरी बोट असणार.’

पंपातल्या झडपेबद्दल मी इतक्या वर्षांत याहून सोपं काही सांगू शकले नव्हते. प्रगतिपत्रक न्यायला तिचे वडील आले होते. ऊसतोडीहून परतले होते, अंगात तोच सदरा. श्रेण्यांवरून त्यांनी नजर फिरवली आणि पत्रक मिटायला घेतलं, तेवढ्यात मी त्या ओळींवर बोट ठेवलं. ते थांबले. अक्षर लावत लावत वाचत होते. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

जाताना दोघं फाटकाशी, पंपापाशी थांबले. वडील दांडा मारत होते आणि ती ओणवी होऊन त्यांना काहीतरी दाखवत होती.